पुंडलिकनानांच्या पाच रेघा

आमच्या कॉलनीत दिवेलागणीनंतर गाडी बाहेर काढायची असेल, तर आधी तिला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं. वर्गात दंगा केलेल्या पोरासारखं. शिक्षा म्हणून नव्हे, परीक्षा म्हणून. परीक्षक आहेत गल्लीतल्या शेवटच्या घरातले पुंडलिकनाना, आणि भिंत त्यांच्याच कंपाउंडची.

धुळ्यात आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. एका लग्नाच्या रिसेप्शनला निघाले होते. उशीर झाला होता, नवरा आधीच पुढे गेला होता, त्यामुळे माझं डोकं तापलेलं. गल्लीच्या टोकाशी एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभे. एका हातात मोजणीची टेप, दुसऱ्या हातात वही. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "ताई, गाडी विटेला लावा."

"कोणत्या विटेला?"

"ही काय, पंचवीस फुटांवर आहे. मोजलेली आहे."

मला वाटलं, गृहस्थ जरा घेऊन आले आहेत. पण वीट खरोखरच होती, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूनं मारलेल्या पाच आडव्या रेघाही होत्या. नानांनी मला डिपर, म्हणजे जवळचा दिवा, लावायला सांगितला, खाली वाकून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि जाहीर केलं, "डावा दिवा शेजारच्याच्या जमिनीत घुसलाय. हे अतिक्रमण आहे." मी रिसेप्शनला पोचले तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसले होते.

नाना जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतले किती बांध त्यांनी मोजले असतील, याचीच तेवढी मोजदाद त्यांनी केलेली नाही. भावाभावांची भांडणं, काठ्या घेऊन उभी असलेली माणसं, आणि मधे टेप धरून शांतपणे उभे नाना. "मोजल्याशिवाय बोलायचं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या पत्नीनं, सुमनकाकूंनी, भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी नाना हेच म्हणतात आणि आणखी एक घास घेतात.

निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी उजेड मोजायला घेतला. त्यामागे त्यांचा स्वतःचा कायदा आहे. "हे बघ ताई, (दुसऱ्या भेटीतच मी अहो-जाहोमधून बाद झाले) प्रत्येक दिव्याचा सातबारा असतो. तुझ्या दिव्याचा हक्क तुझ्या पुढच्या रस्त्यावर. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तुझ्या नावाची नोंद आहे का? नाही ना? मग तिथं उजेड कसाले टाकतेस?" नाना एरवी नोकरीतली मराठी बोलतात, पण पारा चढला की मधूनच अहिराणी डोकावते. डिपरचा उजेड तिसऱ्या रेघेच्या खाली राहिला पाहिजे, ही हद्द. आणि अप्पर, म्हणजे लांबचा दिवा, मारल्यावर पाचही रेघा स्वच्छ दिसल्या पाहिजेत, हा हक्क.

दुसरं वेड रेडियमचं. लाल चमकणाऱ्या पट्टीचं भेंडोळं त्यांच्या खिशात कायम. दिसेल त्या ट्रॉलीला, बैलगाडीला, भाजीच्या हातगाडीला पट्टी चिकटवतात. एकदा दूधवाल्याशी बोलता बोलता त्यांनी त्याच्या पाठीवरच्या पिशवीला पट्टी लावली, ती त्याला घरी बायकोनं दाखवली. सुमनकाकूंच्या चपलांच्या टाचाही सुटल्या नाहीत. जेवणानंतर काकू शतपावलीला निघाल्या की आधी दोन लाल टाचा दिसतात, मग काकू. "आता एवढंच राहिलंय, कपाळावर लावा," काकू म्हणतात. नाना या सूचनेचा विचार करत असावेत, असा मला संशय आहे.

कॉलनीत नानांची टिंगल व्हायची, आणि त्यात मी मागे नव्हते. माझं सासर जामनेरकडचं, पहूरचं. तिकडून येताना डिकी कधी मोकळी येत नाही. भरताची वांगी, कळण्याचं पीठ, पापडांचे डबे. एकदा अशीच भरलेली गाडी घेऊन संध्याकाळी आम्ही गल्लीत शिरलो. नानांनी दुरूनच हात वर केला. "मागं वजन आहे?" मी म्हटलं, वांगी आहेत. "तरीच. वांग्यांनी बूड दाबलंय, तोंड वर झालंय. पहूरपासून समोरच्या माणसाला आंधळं करत आलीस तू." मग ते खिडकीतून आत वाकले आणि स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, खाली, शून्य ते तीन आकडे असलेलं एक छोटं चाक त्यांनी फिरवलं. भिंतीवरचा उजेड गुमान दोन बोटं खाली उतरला. चार वर्षं गाडी चालवत होते, ते चाक एसीचं आहे अशी माझी समजूत होती. वर्षानुवर्षं उकडलं की मी तेच फिरवत होते.

माझी बँक पारोळ्याला. रोज पस्तीसेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. थंडीच्या दिवसांत परत येताना अंधार होतोच. एका संध्याकाळी फागणे गावाच्या अलीकडे समोरून एक ट्रक अप्पर लावून आला. माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी वेग कमी केला, नानांनी सांगितल्याप्रमाणे नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवली, आणि ट्रक गेल्याबरोबर माझ्या डिपरच्या टोकाशी कापसाची ट्रॉली दिसली. बंद पडलेली, मागे ना दिवा ना पट्टी. मी वेळेवर थांबले. पंधरा दिवसांपूर्वी नानांनी माझा डावा दिवा सरळ करून घेतला नसता, तर ती ट्रॉली मला कापसात शिरल्यावरच दिसली असती. घरी पोचल्यावर मी आधी त्यांच्याकडे गेले. आभार मानायला गेले, तर नाना म्हणतात, "ट्रॉलीला रेडियम नव्हतं? मग तू लावून का नाही आलीस?"

त्या दिवसापासून मी टिंगल सोडली. गाडीत भेंडोळंही ठेवू लागले.

मग गेल्या दसऱ्यानंतर काहीतरी बिनसलं. नाना सगळ्यांना नापास करायला लागले.

आधी समोरच्या प्राध्यापकांची गाडी. मग कोपऱ्यावरच्या वकिलांची, जी शोरूममधून येऊन आठवडाही झाला नव्हता. वकीलसाहेब पेढे घेऊन आले होते, नानांनी पेढा खाल्ला आणि दिवे नापास केले. माझ्या गाडीचे बल्ब मी एकदा बदलले. नापास. दिव्यांवरच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून पॉलिश करून घेतल्या. नापास. पुन्हा बल्ब बदलले. नाना भिंतीपाशी उभे राहून विचारायचे, "तुला किती दिसतात?" मी म्हणायचे पाच. ते वहीत लिहायचे आणि मान हलवायचे, "पाचवी अंधुक शे."

त्यांची स्वतःची जुनी गाडी तर सहा महिने कव्हरखाली होती. नानांची थोरली बहीण, अक्का, भडगावला एकटी राहते. मुलं सुरतेला. दर गुरुवारी नाना तिच्याकडे जायचे, रात्रीचं जेवून परत यायचे, कारण अक्का दिवेलागणीआधी ताट वाढत नाही आणि जेवल्याशिवाय सोडत नाही. तेही बंद झालं होतं. फोनवर मी स्वतः ऐकलं होतं, "अक्का, गाडीना दिवा दुरुस्तीले टाकेल शेतस." मी एकदा म्हटलं, नाना, बसनं जा, दिवसा जा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. त्या शनिवारी मला सुट्टी होती. नाना-काकू दुपारचे झोपले होते. मी एक ओलं फडकं घेतलं, स्टूल घेतलं, आणि त्यांच्या भिंतीवरची सगळ्यात वरची, पाचवी रेघ साफ पुसून टाकली. रेघच नाही, तर अंधुक कशी असेल? बँकेत जबाबदारीच्या खुर्चीवर बसणारी बाई शेजाऱ्याच्या भिंतीवर स्टूल लावून उभी आहे, हे कोणी पाहिलं नाही हे माझं नशीब.

संध्याकाळी मी गाडी विटेला लावली. अप्पर मारला. भिंतीवर चार रेघा, आणि वर नुसता पांढरा चुना. नाना वही उघडून गाडीच्या शेजारी उभे राहिले.

"तुला किती दिसतात?"

"चार," मी हसू दाबत म्हटलं.

"चार कशा? पाच आहेत. पाचवी जरा अंधुक शे, पण शे ना! माले दिखस, तुले कशी दिखत नही?"

माझं हसू तोंडातल्या तोंडात विरलं.

"नाना," मी म्हटलं, "पाचवी मी दुपारी पुसली."

त्यांनी वही मिटली. भिंतीपाशी गेले. वर हात करून तळवा चुन्यावरून फिरवला, डावीकडून उजवीकडे, पूर्ण. मग मागे आले आणि कट्ट्यावर बसले. मी दिवे बंद केले आणि उतरले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय करावं कळेना. आतून काकूंच्या फोडणीचा आवाज येत होता. नाना म्हणाले, "हळू बोल."

त्यांनी वही माझ्या हातात दिली. इतके दिवस मला वाटत होतं की ही गाड्यांची वही आहे. प्रत्येक ओळीत तारीख, गाडी, आणि दोन आकडे होते. एका रकान्यावर लिहिलं होतं 'त्यांना', दुसऱ्यावर 'मला'. दसऱ्याला त्यांना पाच, मला पाच. दिवाळीला त्यांना पाच, मला चार. संक्रांतीला पाच आणि तीन. गेल्या आठवड्यात माझ्या गाडीपुढे पाच आणि दोन. सुवाच्य अक्षर, मोजणीच्या नकाशावर असतं तसं. फक्त शेवटच्या पानांवर आकडे रेघ सोडून खाली घसरले होते.

"पहिल्यांदा मला खरंच वाटलं दिवेच मंद आहेत," नाना म्हणाले. "मग वाटलं, सगळ्यांचेच कसे असतील? म्हणून लोकांना विचारत गेलो. मोजल्याशिवाय कसं बोलणार?"

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते सुमनकाकूंनाही त्यांनी कधी नीट सांगितलं नव्हतं. नानांच्या वडिलांना पन्नाशीच्या आत दिसेनासं झालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर येणार नाही. अक्का तेव्हा अकरा वर्षांची होती. तिची शाळा सुटली. बापाचा हात धरून ती त्यांना शेतात न्यायची, बाजारात न्यायची, लोकांच्या लग्नांना न्यायची. वाटेत सांगत जायची: खड्डा शे, बा. काटा शे, बा. पायरी शे, बा. ती लग्न होऊन जाईपर्यंत सात वर्षं. तिनं हात धरला म्हणून नाना शाळेत जाऊ शकले.

"डॉक्टरनं तेच नाव घेतलं तर?" नाना म्हणाले. "आणि अक्काकडे दिवसा जाऊन काय करू? दिसत नसलेला माणूस पाय कसा टाकतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी फाटकातून दोन पावलं टाकली की ती ओळखेल. तिनं एक माणूस हाताला धरून चालवला, ताई. ऐंशी वर्षांच्या बाईला आता दुसरा कशाला दाखवू?"

मला रडू आलं, आणि रागही आला. राग जास्त उपयोगी पडला. मी म्हटलं, "नाना, सोमवारी मी रजा टाकते. तुम्ही गाडीत बसायचं. तुमच्या भाषेत सांगते, वाद असला की मोजणी करून घ्यायची. घरात बसून हद्द ठरत नाही." त्यांनी मान खाली घातली, आणि हो म्हणाले.

सोमवारपर्यंतचे दोन दिवस मी धड झोपले नाही. नाना झोपले असतील असं वाटत नाही. काकूंना त्यांनी रविवारी रात्री सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी कुंकू वाकडं लावलेलं तुम्ही दोन महिन्यांत एकदाही सांगितलं नाही, तेव्हाच मला शंका आली होती." आणि गाडीत नानांच्या शेजारी येऊन बसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, नानांची नात शोभाव्यात अशा. वडिलांचं ऐकल्यावर आधी त्यांनी नानांना झापलं. "घरात काचबिंदू होता आणि तुम्ही इतकी वर्षं डोळ्यांचा दाब तपासला नाहीत?" नाना शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. दाब मोजला. थेंब घालून बसवलं. पुन्हा आत नेलं, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, उजवा डोळा, डावा डोळा. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. डॉक्टर यंत्रापासून मागे सरकल्या आणि कागदावर लिहीत राहिल्या. कुणी इतकं हळू लिहू नये.

"काचबिंदू नाही," त्या म्हणाल्या. "दाब चांगला आहे, मागची नसही चांगली आहे. दर वर्षी तपासत राहायचं, ते टाळायचं नाही. तुम्हाला आहे तो मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलाय. भिंग गढूळ झालंय, त्यामुळे रात्री उजेड फुटतो."

नानांनी विचारलं, "म्हणजे पुढची काच पिवळी पडलीय, आणि आतला बल्ब चांगला आहे?"

डॉक्टर हसल्या. "बल्ब उत्तम आहे."

"मग बदला काच," नाना म्हणाले, आणि सगळ्यांदेखत हुंदका देऊन रडले. काकू रडल्या, मी रडले. बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटलं असणार की आत काहीतरी भयंकर घडलं. मी त्यांना बाहेर येऊन सांगितलं, काही नाही, मोतीबिंदू आहे. एका आजीबाईंनी 'मग रडता कशाला' अशा नजरेनं पाहिलं. त्यांना काय सांगणार, आयुष्यात मोतीबिंदूचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आधी एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. काळा चष्मा, थेंबांचं वेळापत्रक, डोक्यावरून आंघोळ नाही. थेंब चुकले तर टेप मिळणार नाही, असा धाक काकूंनी घातला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर नानांनी पहिलं काम केलं ते फेरमोजणीचं. पाचवी रेघ नव्यानं मारली आणि घरोघरी जाऊन सांगितलं, "माझी मोजणी चुकली होती. अर्ज करायची गरज नाही, मी स्वतः पुन्हा मोजतो." प्राध्यापक पास झाले. वकीलसाहेब पास झाले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा पेढे आणले. एकटी मी नापास. दोनदा बल्ब बदलताना मेकॅनिकनं उजवा दिवा खरोखरच वाकडा बसवला होता.

तो सरळ करून घेतल्यावर एका गुरुवारी आम्ही भडगावला निघालो. नानांना अजून गाडी चालवायची परवानगी नव्हती, म्हणून चालक मी. अक्काला फोनवर फक्त 'येतोय' एवढंच सांगितलं होतं. ऑपरेशनचं नाही, आधीचं तर नाहीच. वाटेत नाना मधेच एखाद्या मैलाच्या दगडावरचा आकडा मोठ्यानं वाचायचे.

पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. गिरणा नदीच्या बाजूनं गार वारा येत होता. अक्का दारातच उभी होती, लुगड्याचा पदर डोक्यावर, ठेंगणी, वाकलेली. गाडीचं दार वाजलं तशी ती भराभर तीन पायऱ्या उतरून खाली आली. तिच्याकडे पाहून मला कळलं की हिला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. सहा महिने दिवा दुरुस्तीत राहत नाही, हे भडगावात बसून तिनं केव्हाच ताडलं होतं. ती नानांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, अर्धं पाऊल पुढे, आणि हात मागे धरला. त्या जागेवर उभं राहायची तिला सवय होती.

"पायरी शे, भाऊ," ती हळूच म्हणाली.

नाना थांबले. त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दिखस, अक्का," ते म्हणाले. "तिन्ही दिखतस. वरलीना टवका गयेल शे."

अक्कानं वळून पाहिलं. वरच्या पायरीचा टवका खरंच उडाला होता. तिनं नानांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला, एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला. मग तिनं त्यांच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

"मंग इतला दिन कोठे व्हता रे?"

नानांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, आणि दोघं पायऱ्या चढून आत गेले.